खिन्न मन आणि घरची मुकादम



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की आम्ही श्रमसंहितांवर किंवा कंत्राटी कामगारांच्या वेतनावर बोलू. आमचा जन्म त्यातच गेला आहे, तेव्हा ती कल्पना वावगी नव्हती. आम्ही त्यांना म्हणालो, "यंदा आम्ही मांजरावर बोलणार." चिटणीस हसले. मग आम्ही पुढचे सांगितले, तेव्हा त्यांचे हसू थांबले आणि ते म्हणाले, "मग अवश्य बोला." ते पुढचे काय, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीला सुटली. त्यापुढे जे काही वाचले ते युनियनची कामे आटोपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. आमचे बिऱ्हाड येथे धंतोलीतच, एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आहे. धंतोली म्हणजे दवाखान्यांची पेठ, हे नागपूरकरांना सांगायला नको. एकेकाळी येथे बंगले होते आणि बंगल्यांपुढे आंब्याची झाडे होती. आज बंगल्यागणिक एक इस्पितळ आहे. इस्पितळ म्हटले की आपल्याला डॉक्टर दिसतात. आम्हाला आया, वॉर्डबॉय, सफाईवाले आणि रात्रपाळीचे चौकीदार दिसतात. गेली पंचवीस वर्षे आम्ही त्यांच्यात काम करतो. ते आम्हाला 'भाऊ' म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी कंत्राटी कामगारांचा एक लढा आम्ही हरलो. १९ माणसे कामावरून गेली. लढे हरणे आम्हाला नवे नव्हते. पण या वेळी हार बाहेर राहिली नाही, ती आत शिरली. पहाटे तीनला डोळा उघडे आणि मग लागत नसे. जेवणाला चव राहिली नाही. वर्तमानपत्र दाराशी पडून राही. आंघोळ करणे म्हणजे रामटेकचा गड चढण्याइतके वाटे. फोन वाजला की छातीत धस्स होई, आणि वाजला नाही की वाटे, बरोबरच आहे, आपल्याला कोण कशाला विचारील? लोक म्हणत, भाऊ दमले. आम्ही दमलो नव्हतो. दमलेल्या माणसाला झोप लागते.

खोटे कशाला बोलावे? आपण नसलो तर कोणाचे काय अडणार आहे, हा विचार आमच्या मनात येई, आणि येऊन जात नसे, मुक्काम करी.

या काळात आम्हाला उपदेश पुष्कळ मिळाला. कोणी म्हणाले हिंमत धरा, कोणी म्हणाले फिरून या, कोणी म्हणाले तुमच्याहून दुःखी लोक जगात किती आहेत ते पाहा. सगळे प्रेमाने बोलत होते, आणि सगळे पालथ्या घड्यावर पाणी होते. खिन्न माणसाला काय करावे हे ठाऊक असते. जे त्याच्या हातून होत नाही तेच आपण त्याला पुनःपुन्हा सांगत असतो.

आणि येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. त्या लढ्याच्या वर्षभर आधी एक तरुण वॉर्डबॉय आमच्याकडे आला होता. म्हणाला, "भाऊ, माहं मन लागत नाई कशातच. झोप येत नाई." आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे मर्दा, सभेला येत जा, सगळे ठीक होईल." तो सभेला आला नाही. महिन्याभराने काम सोडून गावी निघून गेला. आमच्या संघटनेला वेतनाची भाषा येत होती, बोनसची येत होती, त्या पोराची येत नव्हती. स्वतःवर पाळी आली तेव्हा त्याचा चेहरा आम्हाला रोज पहाटे तीनला दिसे.

आम्हाला हाताला धरून नेले ते एका आयाबाईने. तिने दारात उभे राहूनच विचारले, "भाऊ, जेवले काय तुमी?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "खोटं बोलू नका. हा आजार आहे. आमच्या वार्डात येतात असे लोक. चला मेडिकलले, मी येतो संगं." तिने उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून ती सकाळी आमच्या दाराशी उभी राहिली.

आता मेडिकलला जायला आम्ही का भीत होतो, तेही सांगतो. नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, आणि त्या भागातल्या चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. ऑटोवाला तेच नाव घेतो, आपणही घेतो. लहानपणापासून ते नाव थट्टेत ऐकलेला माणूस मनाच्या डॉक्टरकडे जाताना चारदा मागे वळून पाहणारच. आम्ही पाहिले. ओळखीचे कोणी दिसले नाही, आणि दिसले असते तरी आभाळ कोसळणार नव्हते, हे आता कळते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या आम्ही घेतल्या. आणखी त्यांनी एक प्रश्न विचारला : "सकाळी तुमची वाट कोण पाहते?" आम्ही विचारात पडलो. पत्नी अंगणवाडीच्या कामाला निघून जाते. मुलगी लग्न होऊन अमरावतीला असते. वाट पाहणारे कोणी नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मन चांगले झाले की काम करीन, असे म्हणू नका. लहानसे काम आधी करा, ठरल्या वेळी करा, मन मागून येईल." मांजराचे नाव त्यांनी काढले नाही. ते मुलीने काढले. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला मोर्चा नको, सध्या एक मांजर पुरे." पत्नी म्हणाली, "अहो, दुधाचे भांडे कोण सांभाळणार?" आम्हाला ना हो म्हणण्याची शक्ती होती, ना नाही म्हणण्याची. त्यामुळे जाणे झाले.

शहराबाहेर टाकलेल्या जनावरांचा एक निवारा आहे, तेथे आम्ही गेलो. पिल्लांभोवती माणसांची गर्दी होती. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात राखाडी पट्ट्यांची, चारेक वर्षांची एक मांजर पाठ करून बसली होती. एका कानाचे टोक कापलेले होते. ती नसबंदी झाल्याची खूण, असे तेथल्या मुलीने सांगितले. कोणी तरी घर बदलताना तिला मागे सोडून गेले होते. वर्ष झाले ती तेथेच होती, कारण मोठे मांजर कोणाला नको असते. पन्नाशीपुढचा कामगार कोणाला नको असतो, तेच हे. आम्ही म्हणालो, "हीच द्या."

पण देणे इतके सोपे नव्हते. त्या मुलीने आमची उलटतपासणी घेतली. घर स्वतःचे की भाड्याचे? मालकाची हरकत नाही ना? खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर खाऊ कोण घालील? मग तिने एक कागद पुढे केला : आजारी पडल्यास उपचार करीन, लसी वेळेवर टोचीन, पाळणे अशक्य झाल्यास रस्त्यावर न सोडता निवाऱ्यात परत आणीन. आम्ही जन्मभर करार वाचले, पण दुबळ्या पक्षाच्या बाजूने इतका चोख लिहिलेला करार क्वचितच पाहिला. पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही आम्हाला त्या दिवशीच कळले. आम्ही सही केली. कित्येक महिन्यांत आम्ही कशाची जबाबदारी घेतली होती तर ती ही.

पहिले तीन दिवस मांजर कपाटाखालून बाहेर आली नाही. आम्हाला बरेच वाटले. आम्हीही तेच करीत होतो, फक्त आमचे कपाट म्हणजे पलंग होता. निवाऱ्यातून सांगितले होते की तिला ओढून काढू नका, एका खोलीत राहू द्या, खाणे आणि पाणी जवळ ठेवा, वाळूचे पसरट भांडे ठेवा आणि वाट पाहा. दूध देऊ नका, असेही बजावले होते. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. झाले, पत्नीच्या दुधाच्या भांड्याचा प्रश्न परस्पर मिटला.

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे तीनपासून जागे होतो. साडेपाचच्या सुमारास पलंगाच्या पायथ्याशी एक आवाज झाला. मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो आवाज कळेल. मांजर उभी होती आणि आमच्याकडे पाहून ओरडत होती. तिला आमच्या दुःखाशी कर्तव्य नव्हते. तिची वाटी रिकामी होती. आम्ही उठलो. वाटी भरली, पाणी बदलले, वाळू काढली. वीस मिनिटे गेली. मग जागेच आहोत तर चहा टाकला. चहा झाला तर दाराशी पडलेले वर्तमानपत्र उचलले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा भोंगा झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आम्ही आयुष्यभर मुकादमांशी भांडलो आणि उतारवयात घरात एक मुकादम आणून ठेवली. पत्नीने तिचे तेच नाव पाडले : मुकादम.

श्रोतेहो, येथे आम्ही चमत्कार सांगत नाही. मांजर आली आणि खिन्नता गेली, असे घडले नाही. दीड-दोन महिने तर आम्ही वाटी भरून पुन्हा पलंगावर पडत होतो. पण दिवसाला एक खुंटी मिळाली होती. खुंटी असली म्हणजे तिला काही तरी अडकवता येते. आधी चहा अडकला, मग आंघोळ, मग वाळू आणायला म्हणून मेहाडिया चौकापर्यंतची चक्कर. मे महिन्यात कूलरची टाकी आम्ही वेळेवर भरू लागलो, ते आमच्यासाठी नव्हे, मुकादम कूलरपुढे ऐसपैस पसरत असे म्हणून. आपण नसलो तर कोणाचे काय अडणार आहे, या प्रश्नाला साडेपाच वाजता रोज एक उत्तर मिळत होते. उत्तर लहान होते, पण ते रोज मिळत होते, आणि त्यात खुशामत नव्हती.

हा केवळ आमच्या एकट्याचा अनुभव असता, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. डॉक्टरांनी सांगितलेली 'आधी काम, मागून मन' ही रीत गोव्यात पारखून पाहिली गेली आहे. तेथल्या 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला, आणि तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर सहा ते आठ बैठका मिळाल्या. त्या घेणारे लोक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले गावचेच साधे स्त्री-पुरुष होते. रुग्णाने कोणती लहान कामे पुन्हा हाती घ्यावीत, कधी घ्यावीत, हे ते त्याच्याबरोबर बसून ठरवीत. तीन महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ३९ जण त्या आजारातून सावरले होते, दुसऱ्या गटात शेकडा ६४.

आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जा? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी नैराश्याविषयी उघड बोलायला आणि मदत मागायला गावाला तयार केले. आधी अशा आजाऱ्यांपैकी शेकडा चारच जण कोणाची मदत घेत असत. प्रकल्पानंतर ते प्रमाण शेकडा २७ वर गेले. विदर्भातला शेतकरी मनाचे दुखणे बोलत नाही, असे आपण म्हणतो. विचारणारा दारात आला तर तो बोलतो, असा याचा अर्थ.

जनावराच्या सोबतीची गोष्टही आजची नव्हे. इंग्लंडात यॉर्क येथे क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ साली मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचे घर काढले. त्या काळी अशा रुग्णांना साखळ्या घालीत. येथे त्यांच्या अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत, हेतू हा की दुबळ्या जिवाची काळजी घेताना माणसाला स्वतःवरचा ताबा परत मिळावा. परिचारिकांची आद्य गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनेही आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात दीर्घ दुखण्याच्या रुग्णाला लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे लिहून ठेवले आहे. तिच्या स्वतःच्या घरी मांजरांचा राबता होता.

आम्हाला मात्र सर्वांत आवडते ती डॉ. जॉन्सन यांची गोष्ट. इंग्रजी भाषेचा मोठा कोश १७५५ साली रचणारा हा पंडित जन्मभर खिन्नतेने ग्रासलेला होता. त्याच्याकडे हॉज नावाचे मांजर होते. त्याच्यासाठी कालवे विकत आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जाई. नोकराला पाठवले तर त्या त्रासापायी नोकर मांजराचा राग करील, ही त्याला चिंता. चरित्रकार बॉस्वेल याने हे नोंदवून ठेवले आहे. आम्ही हे वाचले तेव्हा कामगारांचा माणूस म्हणून आम्ही त्या पंडिताला मनोमन नमस्कार केला. आपल्या प्रेमाचा बोजा दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नये, हे त्याला कळत होते. आणि त्यात त्याचाही लाभ होता : खिन्न माणसाला रोज बाजारात जाण्याचे कारण मिळाले.

आता दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे, नाही तर उद्या धंतोलीतला प्रत्येक उदास मनुष्य निवाऱ्यापुढे रांग लावील. मांजर म्हणजे औषध नव्हे. प्राणी पाळल्याने नैराश्य हटतेच, असे सर्व अभ्यास एकमुखाने सांगत नाहीत. आमचे औषध चालू होते आणि मांजरही होती. त्यात कोणाचा वाटा किती, हे आम्ही मापून सांगू शकत नाही. गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा घसरलो होतो. तेव्हा मांजर घरात होतीच, तरी मेडिकलची पायरी पुन्हा चढावी लागली. तिने एवढेच केले की पायरीपर्यंत जाण्याइतके आम्हाला उभे ठेवले.

शिवाय मांजर हा जीव आहे. ती पंधरा वर्षेही जगते. तिला खाणे लागते, लस लागते, आजारात डॉक्टर लागतो, आणि हे सारे पैशाने होते. आपले मन उदास आहे म्हणून तिला आणायचे आणि मन भरले म्हणून सोडून द्यायचे, हा सौदा आमच्या मुकादमेशी एका माणसाने आधीच केला होता. ज्याला झेपत नाही त्याने कुंडीतली तुळस घ्यावी, शेजारच्या म्हातारबाचे वर्तमानपत्र वाचून दाखवावे. मर्म मांजरात नाही. मर्म यात आहे की ठरल्या वेळी कोणाला तरी आपली गरज असावी, आणि ते काम आपल्या ओढग्रस्त शक्तीला पेलण्याइतके लहान असावे.

आता आमच्या धंद्याचे दोन शब्द. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले. त्यात असे दिसले की दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याने गाठलेले असते. म्हणजे या मांडवात दोनशे माणसे असतील तर दहा. ते दहा कोण, हे आम्ही विचारीत नाही. पण नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली, ती अंगाच्या विसाव्यासाठी. मनाच्या दुखण्याची रजा, त्याचा औषधोपचार, हेही आता कामगाराच्या मागणीपत्रात आले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगितले आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजारालाही. कायद्याचे पुस्तक तयार आहे, ते हातात घेणारी माणसे हवीत. आणि ज्याच्याजवळ विमा नाही, त्याच्यासाठी सरकारचा 'टेली-मानस' हा फोन २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. आमच्या युनियनच्या फळ्यावर तो खडूने नव्हे, रंगाने लिहिला आहे.

आम्ही युनियनमध्ये आणखी एक नियम केला आहे. जो सभासद कारण न कळवता तीन दिवस दिसला नाही, त्याच्या घरी दोघांनी जायचे. उपदेश करायचा नाही. जेवलास का, एवढे विचारायचे आणि बसायचे. दवाखान्यात जायचे असेल तर बरोबर जायचे. तो बरा होऊ लागला की त्याच्याकडे एखादे लहान काम द्यायचे : सभेच्या सतरंज्या मोजणे, पावत्या लिहिणे. मोठे काम द्यायचे नाही, आणि काम नाकारायचेही नाही. हा नियम आम्ही त्या आयाबाईकडून शिकलो आणि उरलेला मांजरीकडून.

तो वॉर्डबॉय, ज्याच्या पाठीवर आम्ही थाप मारली होती, त्याला आम्ही पत्र लिहिले आहे. पत्ता जुना आहे, उत्तर आलेले नाही. पत्रात आम्ही लिहिले, "तेव्हा तू बरोबर होतास आणि आम्ही चुकलो." पुढच्या महिन्यात आम्ही स्वतः त्याच्या गावी जाणार आहोत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत असा एखादा मनुष्य असेल, ज्याला आपण पाठीवर थाप मारून वाटेला लावले. त्याच्या दाराशी जाऊन यावे, एवढे मागणे मागायला आम्ही आज येथे उभे राहिलो.

अध्यक्षमहाशय, आपण घड्याळाकडे पाहिलेत, ते आम्हीही पाहिले. साडेआठ झाले. नऊच्या आत घरी पोचलो नाही तर मुकादम आमची गैरहजेरी मांडते.